बगळे किती गुणांनी हरले?

नॉर्डाल, आयोवा
सोमवार, २८ ऑक्टोबर

प्रिय ड्वेन,

तू फितूर झालास, अशी गेले दीड महिना माझी खात्री होती. रागावू नकोस, सगळं सांगतो. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारपासून तुझा फोन नाही. साठाहून जास्त वर्षं झाली, नॉर्डाल कॉलेजचा फुटबॉलचा सामना संपला की अर्ध्या तासात तुझा फोन येतो. तो आला नाही असं आजवर तीनदाच झालं. एकदा तुझं लग्न होतं, एकदा माझं, आणि एकदा बर्फाच्या वादळात तारा तुटल्या होत्या. आता तुझं लग्न असण्याचा संभव कमी आणि अजून बर्फ पडलेला नाही. मग माणसाने काय समजायचं? मी समजलो की तुझ्या त्या नातवाने डाव साधला. त्याने मोठ्या विद्यापीठात नाव घातलं, तुला तिथली टोपी पाठवली, हे तूच मला गेल्या ख्रिसमसला सांगितलं होतंस, आणि टोपी कपाटात टाकली असंही म्हणाला होतास. पण 'टाकली' म्हणताना तुझा आवाज जरा मऊ होता. माझं लक्ष होतं. पन्नास हजार माणसांचं मैदान, दर शनिवारी विजय, ढोलताशे. म्हातारपणी माणसाला जिंकणाऱ्यांच्या पंगतीला बसावंसं वाटतं. मी मनात म्हटलं, गेला ड्वेन. आपल्या टीमला, आपल्या बगळ्यांना सोडून गेला.

हे पत्र मी टाइपरायटरवर लिहितोय, कारण माझ्या डोळ्यांचं तुला ठाऊक आहेच. मधोमध काळा डाग, आणि त्याच्या कडेकडेने जग. माणूस समोर बसला तर मला त्याचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. पण धान्य सोसायटीच्या कचेरीत अडतीस वर्षं बोटं बडवली आहेत, ती वाया जात नाहीत. चुका दिसल्या तर सांभाळून घे. मला त्या दिसत नाहीत, एवढं एक सुख आहे.

संशयाची सुरुवात तुझ्यापासून झाली खरी, पण मुळात ती गेल्या वर्षीच व्हायला हवी होती. आठवतं ना, ग्रँबीविरुद्ध एकोणसाठ–शून्य हरलो? तिसऱ्या क्वार्टरला माझ्या छातीत कळ आली आणि मी रेडिओसकट खुर्चीतून खाली आलो. दवाखान्यात डॉक्टरने मला सांगितलं, मीठ कमी करा. मग तो जोलीनला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेला आणि चांगली दहा मिनिटं बोलत राहिला. मिठावर दहा मिनिटं कोण बोलतं? पण लेकीला मी काही विचारलं नाही. ती अठ्ठावन्न वर्षांची आहे, शाळेची मुख्याध्यापिका आहे, आणि एकदा ठरवलं की आपल्या आईसारखी हलत नाही.

या हंगामात पहिल्या शनिवारी रेडिओ लागला नाही. जोलीन म्हणाली, सेल गेले असतील, आणते. दुसऱ्या शनिवारी सेल नवे, रेडिओ तरी मुका. मग ती म्हणाली की स्टेशननेच नॉर्डालचे सामने देणं बंद केलंय, ऐकणारे उरले नाहीत. हे मला पटलं, कारण आपल्या टीमचं ऐकायला दगडाचं काळीज लागतं. शिवाय बरोबर सामन्याच्या वेळी मला अंघोळीला न्यायला लागले. आमच्या वृद्धाश्रमात अमरा म्हणून एक बाई आहे, बोस्नियाहून आलेली, हाताने भक्कम आणि मनाने त्याहून. आधी माझी अंघोळ मंगळवारी असायची, ती शनिवारी दुपारी एकला गेली. मी विचारलं, का गं? तर म्हणाली, पाणी शनिवारी जास्त गरम असतं. या इमारतीत सोळा खोल्या आणि एक बॉयलर आहे, ड्वेन. पाण्याला वार कळत नाही.

मग निकाल मला कळायचा कसा? सोमवारी सकाळी नाश्त्याला पास्टर एनक्विस्ट माझ्या टेबलावर बसतात. लूथरन चर्चमध्ये चाळीस वर्षं उपदेश केलेला माणूस. आता पाय गेले, आवाज शाबूत आहे. ते मला पेपर वाचून दाखवतात. पहिल्या सोमवारी म्हणाले, हरलो, पण फक्त तीन गुणांनी, वीस–सतरा. मी कॉफीचा कप खाली ठेवला. तीन गुणांनी? आपण? पुढच्या सोमवारी चोवीस–एकवीस. त्याच्या पुढच्या वेळी सतरा–चौदा. आणि मग टोबी आला.

टोबी हेग्लंडबद्दल तुला सांगायचं म्हणून मी किती शनिवार फोनची वाट बघितली, याचा हिशेब नाही. पास्टर वाचत होते, की चेंडू फेकणारा पहिला क्वार्टरबॅक जखमी झाला म्हणून कोचने एका नव्या पोराला उतरवलंय. वायव्येकडच्या कुठल्याशा खेड्यातला, डावखुरा. त्याची आई शाळेची बस चालवते. लहानपणी तो कोठाराच्या भिंतीवर टांगलेल्या टायरमधून चेंडू फेकायचा. पहिल्या सामन्यात घाबरला, दोनदा चेंडू सोडला, पण उठून आपल्या माणसांची माफी मागितली. दुसऱ्या सामन्यात त्याने टचडाउनचा एक पास दिला. तिसऱ्यात दोन. ड्वेन, मी त्या पोराच्या प्रेमात पडलो. रात्री झोपताना मी त्याला डावपेच सुचवायचो. सोमवारची वाट बघायला लागलो. अमराला मी टोबीबद्दल सांगायचो आणि ती म्हणायची, चांगला मुलगा आहे, आईला बरं वाटत असेल. आणि मला तुझा राग यायचा, की नेमकं असं पोर आपल्याकडे आलं त्या वर्षी हा गडी त्या पन्नास हजारांत जाऊन बसलाय.

पण मी कानाचा पक्का आहे. डोळे गेल्यापासून जास्तच. पास्टर राजकारणाची बातमी वाचतात तेव्हा ओळ संपली की अडखळतात, शब्द परत घेतात, चष्मा वर करताना थांबतात. आपल्या सामन्याची बातमी मात्र ते एका दमात वाचायचे. कुठे ठेच नाही. ईस्टरच्या उपदेशासारखं वर चढायचं, खाली उतरायचं आणि शेवटी आशेवर येऊन थांबायचं. बातमी अशी नसते. आणि पान उलटल्याचा आवाज यायचा नाही.

मी गप्प राहिलो. संशयी माणसाने आधी गप्प राहायला शिकावं. सोमवारचा पेपर मी एकदा हाताने चाचपला. इतर दिवशी चार पुरवण्या लागतात, त्या दिवशी तीनच. खेळाचं पान गायब. अमराला म्हटलं, जरा खेळाचं पान शोध बरं. ती बराच वेळ कागद खुडखुडवत राहिली आणि म्हणाली, आज छापलं नाही वाटतं. ती गुणी बाई आहे, तिला खोटं बोलता येत नाही.

आणि मग ऑक्टोबरच्या तिसऱ्या सोमवारी पास्टरांचा पाय घसरला. त्यांची झोप झाली नव्हती, टोबीचं काय करावं ते सुचलं नसावं. ते म्हणाले, अटीतटीचा सामना झाला, शेवटच्या क्षणापर्यंत काही सांगता येत नव्हतं, आणि आपण दोन–एक असे हरलो. दोन–एक! पास्टर आयुष्यभर बेसबॉल बघत आले, त्यांच्या तोंडून बेसबॉलचा निकाल गेला. आपल्या खेळात एक गुण कुणाच्या नावावर नुसता उरेल का? चेंडू रेषेपार नेऊन टचडाउनचे सहा झाले तर त्याच्यावर लाथ मारून एक मिळवायचा. सहाशिवाय एक म्हणजे जेवण न करता बडीशेप खाण्यासारखं आहे. मी तोंडात अंडं होतं म्हणून वाचलो. फक्त म्हणालो, बिचारा टोबी. पास्टर म्हणाले, हो ना, फार मनाला लावून घेतलं त्याने.

त्या दुपारी मी रेडिओ मांडीवर घेतला आणि मागचं झाकण उघडून बोटाने सेल चाचपले. दोन्ही उलटे बसवलेले होते. एक उलटा असता तर मी चूक म्हटली असती. दोन्ही उलटे म्हणजे कुणीतरी बसून विचार केला होता. मी ते सुलटे केले, हळूच चाक फिरवलं, तर धान्याचे भाव सांगणारा आपला नेहमीचा माणूस बोलायला लागला. स्टेशन ठणठणीत. मी रेडिओ बंद केला आणि ब्लँकेटखाली ठेवला. आता मला साक्षीदार हवा होता, ज्याला कुणी पढवलेलं नाही असा.

तो मला बुधवारी मिळाला. दर दुसऱ्या बुधवारी रॉस्को डीट्झ आमचे केस कापायला येतो. जुन्या डीट्झचा मुलगा, तोच ज्याच्या बापाने तुझे कान एकदा जखमी केले होते. रॉस्को घरचा एकही सामना चुकवत नाही. मी मान खाली घातल्यावर सहज विचारलं, टोबी हेग्लंडचा हात कसा आहे रे? कात्री थांबली. तो म्हणाला, "कोण टोबी? काका, आपल्याकडे तीन क्वार्टरबॅक होते, तिघंही लंगडतायत. सध्या चौथा खेळतोय. तो खरं तर नुसती लाथ मारायला घेतलेला पोरगा आहे." मी म्हटलं, आणि निकाल? तो म्हणाला, शनिवारी त्रेसष्ट–तीन, त्याच्या आधी सत्तर–शून्य, त्याच्या आधी मोजायचं सोडलं होतं.

टोबी नव्हताच, ड्वेन. शहाऐंशी वर्षांच्या माणसाने हे कुणाला सांगावं? त्या दिवशी मी जेवलो नाही. सत्तर–शून्यचं मला काही वाटलं नाही, ते आपल्या घरचंच आहे. पण त्या बस चालवणाऱ्या बाईचं, त्या टायरचं, त्याने मागितलेल्या माफीचं फार वाईट वाटलं. एक जिवंत पोरगा कुणीतरी माझ्या खोलीतून उचलून नेला असं वाटलं.

रॉस्कोने आणखी एक सांगितलं, ते तुला आवडेल. मैदानावर आता अडीचशे माणसं उरली आहेत, पण ती हलत नाहीत. कुणी लाजून तोंडावर पिशवी घालत नाही, कुणी कोचच्या नावाने ओरडत नाही. हर्शबर्गरांच्या सुनेने गाईच्या गळ्यातली घंटा आणली आहे. आपल्या पोरांनी चेंडू दहा यार्ड पुढे नेला की ती वाजवायची. गेल्या वेळी चारदा वाजली आणि चौथ्या वेळी लोक उभे राहिले. चर्चच्या बायका घमेलंभर दालचिनीचे रोल आणि चिलीच्या तिखट रश्श्याचं पातेलं आणतात, आणि नियम असा की समोरच्यांचे चाळीस गुण झाल्याशिवाय झाकण काढायचं नाही. त्यामुळे समोरचे एकोणचाळिसावर अडले की आपलीच माणसं कुरकुरतात. मला ते ऐकून तू आठवलास. अठ्ठावन्न सालच्या त्या बहात्तर–शून्यला तूच नव्हतास का, ज्याने प्रत्येक क्वार्टर वेगळा सामना धरायला शिकवलं? पावसाचा चिखल, आपण दोघं विद्यार्थी, आणि तू टोपी पिळत मला पटवून देत होतास की चौथ्या क्वार्टरला आपण केवळ सात गुणांनी हरलो, म्हणजे एका दुपारीत केवढी सुधारणा! सामना संपल्यावर तू मला ओढत पाहुण्यांच्या बसकडे नेलंस आणि त्यांच्या एकेका खेळाडूशी हात मिळवून म्हणालास, पुन्हा या. ते आपल्याकडे वेड्यासारखे बघत होते. आणि सत्त्याऐंशी साली आपण तेरा–बारा असे जिंकलो तेव्हा काय झालं होतं? कुणाला काही सुचेना. मैदानात धावायचं की घरी जायचं, ठरेना. तुझ्या डोळ्यांत कचरा गेला म्हणून तू म्हणालास, दोन्ही डोळ्यांत एकाच वेळी. आपल्याला हरण्याचा सराव होता, ड्वेन. तो कमी पडेल असं कुणालाही का वाटावं?

परवाच्या शनिवारी मी पाऊण वाजताच अमराला सांगितलं की पोट बिघडलंय, अंघोळ नको. ती गेल्यावर दार लावलं आणि ब्लँकेटखालून रेडिओ काढला. तो आवाज, गड्या! तोच जुना निवेदक, आता घोगरा झालाय. वाऱ्याचा आवाज, मळणी यंत्रांची धूळ मैदानावर येतेय म्हणून तो खोकत होता. पहिल्या क्वार्टरला एकवीस–शून्य. मध्यंतराला अडतीस. मी छातीकडे लक्ष ठेवून होतो, ती शहाण्यासारखी चालत होती. एकदा आपल्या त्या चौथ्या पोराने चेंडू फेकला, तो कुणीतरी झेलला, आणि रेडिओतून मला घंटा ऐकू आली. खरी घंटा, खऱ्या पोराची. त्याचं नाव प्रूइट. त्याची आई काय करते मला ठाऊक नाही.

तिसऱ्या क्वार्टरला जोलीन आत आली. अमराने फोन केला असणार. ती दारातच थांबली. मला तिचा फक्त कोट दिसत होता, लाल. तिने विचारलं, "किती?" मी म्हटलं, बावन्न–शून्य. ती पलंगावर बसली आणि माझं मनगट धरलं. मी म्हणालो, "नाडी बघू नकोस. ऐक." आम्ही शेवटपर्यंत ऐकलं. सहासष्ट–शून्य. चौथ्या क्वार्टरला फक्त चौदा, तेवढी सुधारणा मी तिला समजावून सांगितली, तेव्हा ती हसली आणि हसता हसता रडायला लागली.

मग सगळं बाहेर आलं. डॉक्टर म्हणाला होता की असा धक्का पुन्हा नको. तिने पास्टरांना गळ घातली, पास्टरांनी आधी देवाची आणि मग आपल्या विवेकबुद्धीची परवानगी मागितली. सेल तिने उलटे घातले. अंघोळ अमराने हलवली. टोबी मात्र पास्टरांचा एकट्याचा, त्यात तिचा हात नाही. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही सोमवारी किती खूश असायचात. मला वाटलं, थोडक्यात हरलो असं सांगितलं तर काय बिघडतं?" मी तिला म्हटलं, "तुझी आई गेली तेव्हा मला कुणी वीस–सतरा सांगितलं होतं का? मी उभा राहिलोच ना?" हे बोलायला नको होतं. ती म्हणाली, "चुकलं माझं. यापुढे तुम्ही जे विचाराल त्याचं खरं उत्तर देईन. शपथ. विचारा." आणि ती थांबली. सामना संपला होता, रेडिओवर खताची जाहिरात लागली होती. विचारण्यासारखं आता काहीच उरलं नव्हतं, तरी ती थांबून राहिली. माझ्या मनगटावरचा तिचा हात घट्ट झाला. मी म्हणालो, जा, कॉफी घेऊन ये.

काल रविवारी पास्टर आले. चाकांची खुर्ची ढकलत माझ्या दारापर्यंत आले आणि माफी मागायला लागले. मी म्हटलं, माफी नंतर, आधी टोबीचं पुढे काय होणार होतं ते सांगा. त्यांनी सांगितलं. फार सुंदर सांगितलं, ते कधीतरी तुला ऐकवीन. पण ऐकता ऐकता माझे कान टवकारले. कारण त्यांच्या गोष्टी सांगण्याची एक तऱ्हा आहे. माणूस कुठे गेला हे सांगताना ते त्याच्या खिडकीबाहेर काय दिसतं तेही सांगतात. टोबीच्या खोलीबाहेर सफरचंदाचं झाड होतं, त्यावर एक पक्षी रोज येऊन बसायचा.

ड्वेन, ऑगस्टमध्ये तू फोनवर म्हणाला होतास की हृदयाची एक नळी साफ करायची आहे, दोन दिवसांचं काम, सामने सुरू व्हायच्या आत घरी. मी म्हटलं होतं, डॉक्टरला सांग, आपल्याला हरायची सवय आहे, त्याने घाई करू नये. तू हसलास. सप्टेंबरात फोन आला नाही तेव्हा मी जोलीनला विचारलं, तिने चौकशी केली आणि दोन दिवसांनी येऊन सांगितलं की सगळं छान झालं. तू मुलाकडे ॲरिझोनाला गेलास. कान फार गेलेत म्हणून फोनवर बोलता येत नाही. मला नमस्कार सांगितलायस. आणि तुझ्या खिडकीबाहेर संत्र्याचं झाड आहे, सकाळी त्याखाली तू खुर्ची टाकून बसतोस. तेव्हा मला झाडात काही खटकलं नाही. उन्हाच्या नावाने बोटं मोडणारा तू, बर्फाशिवाय ज्याला करमत नाही तो ड्वेन कुचेरा वाळवंटात कसा गेला, एवढंच मनात आलं, आणि ते मी फितुरीच्या खात्यात टाकलं. पण माझी लेक मुख्याध्यापिका आहे. तिला सेल उलटे घालणं सुचतं. तिला संत्र्याचं झाड सुचत नाही. ते झाड पास्टरांचं.

आता तू म्हणशील, मग विचारलं का नाहीस? ती शपथ घेऊन बसली होती, मनगट धरून थांबली होती. विचारलं असतं तर तिने खरं सांगितलं असतं. म्हणूनच विचारलं नाही. आयुष्यभर मी शेवटची शिट्टी वाजेपर्यंत मैदान सोडलं नाही, तूही नाही, आणि आता पहिल्यांदाच मी निकाल ऐकायला नकार देतोय. तिला न विचारता मी तुला विचारतोय. पत्ता तुझा डुलुथच्या घराचाच घातलाय, दुसरा मला येत नाही. पाकीट रॉस्कोच्या हाती देणार आहे, कारण त्याला कुणी पढवलेलं नाही. एवढंच कर. कपाटातून ती टोपी काढ, डोक्यावर घाल, त्या पन्नास हजारांत जाऊन बस, त्यांच्या गाण्यावर टाळ्या वाजव, आणि मला एक ओळ लिही, की व्हर्जिल, मी तुम्हा लोकांना कंटाळलो आणि तिकडे गेलो. मी तुला शिव्या घालीन, पास्टरांकडून त्या ठसक्यात वाचून घेईन, पुढची दहा वर्षं तुझ्याशी भांडेन. तू फितूर निघालास तर माझ्याइतका सुखी माणूस अख्ख्या आयोवात सापडणार नाही.

तुझाच, अजून बगळ्यांच्या बाजूला बसलेला,
व्हर्जिल टेस्डाल